खाडीवरच्या पक्ष्यांसाठी टेलिफोटो लेन्स: २००-५०० घेऊ की १५०-६००?

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी. इथले पक्ष्यांचे धागे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

मी कळव्यात राहतो. निकॉन डी५६०० आणि एएफ-पी ७०-३०० ही जोडी चार वर्षं वापरतोय. गच्चीतून तांबट, शिक्रा, हळद्या मिळतात. रविवारी ट्रान्सहार्बरने ऐरोलीला नाहीतर नेरूळला उतरून खाडीकाठी जातो, आणि तिथे ३०० एमएम अपुरी पडते (हा आकडा जितका मोठा, तितका पक्षी जवळ दिसतो). फ्लेमिंगोंचा थवा छान येतो. पण एकच पक्षी हवा असेल तर क्रॉप केल्यावर पिसांचा पत्ता राहत नाही, गुलाबी डाग तेवढा उरतो. मागच्या मोसमात कैकर (मासे धरणारा शिकारी पक्षी) मासा घेऊन समोरून गेला. आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. फोटोत मासा ओळखूच येत नाही. तेव्हापासून मनात घेतलंय की मोठी लेन्स घ्यायची.

बजेट ९० हजार, फार ताणलं तर एक लाख. वापरलेली निकॉन २००-५०० एफ/५.६ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त) एका गृहस्थांकडे आहे. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी दुकानात अजून नवी मिळतेय. टॅमरॉनची १५०-६०० जी२ पण कानावर आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो, आता डीएसएलआरमध्ये पैसे घालू नकोस, मिररलेसकडे (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) जा.

माझ्याकडे गाडी नाही. जे काही असेल ते पाठीवर टाकून लोकलने न्यायचं आहे. ५०० आणि ६०० मध्ये खरंच फरक पडतो का? आणि ट्रायपॉड लागेलच का?

शेकाट्या

स्वागत! फरकाचं गणित सोपं आहे, करून टाकू.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ एमएम रुंद आणि फोटो ६००० पिक्सेल रुंद. साधा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंमी धरा. तो २० मीटरवर आडवा बसलाय. ३०० एमएमला फ्रेममध्ये १ मीटर ५७ सेंमी रुंदी मावते, म्हणजे खंड्याच्या वाट्याला सुमारे १०७० पिक्सेल येतात. ५०० ला तेच १७९० होतात, ६०० ला २१४५.

क्षेत्रफळात पाहिलं तर ३०० वरून ५०० वर गेल्यावर पक्ष्याला पावणेतीनपटीहून जास्त पिक्सेल मिळतात. ५०० वरून ६०० वर गेल्यावर जेमतेम दीडपट. खरी उडी पहिली आहे. ५०० घेऊन खंड्याच्या सव्वातीन मीटर जवळ जाता आलं तर ६०० ची बरोबरी होते. अर्थात खाडीवर पुढे चिखल असतो, तिथे सव्वातीन मीटरही सरकता येत नाही, हेही खरं.

उजेडाचा फरक किरकोळ. एफ/५.६ आणि एफ/६.३ मध्ये एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एकीकडे शटर १/२००० सेकंद मिळत असेल तर दुसरीकडे १/१६००.

जुनी_काच

मी २००-५०० सहा वर्षं वापरतोय, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार, तेवढं समजून घ्या.

चांगलं आधी सांगतो. ५०० ला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर (उजेड आत येण्याच्या छिद्रावर) धार चांगली असते, एफ/८ ला नेण्याची गरज क्वचितच वाटते. एफ/५.६ शेवटपर्यंत टिकतं. व्हीआरमध्ये (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीत) स्पोर्ट मोड आहे, उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उड्या मारत नाही. सव्वादोन मीटरपर्यंत फोकस होते, त्यामुळे फुलपाखरं आणि चतुरही मिळतात.

आता त्रास. कॉलरसकट वजन २३०० ग्रॅम. तुमची बॉडी अर्धा किलोच्या आतबाहेर, म्हणजे पावणेतीन किलो. झूमची रिंग फार फिरवावी लागते, २०० वरून ५०० वर एका झटक्यात मनगट पोचत नाही. थवा डोक्यावरून जात असेल तर तेवढ्यात तो गेलेला असतो. मी आता ५०० वरच ठेवून निघतो.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. डी५६०० मध्ये ऑटोफोकस फाइन ट्यूनची सोय नाही. लेन्स आणि बॉडी यांचं जमलं नाही आणि फोकस दोन बोटं पुढे किंवा मागे पडायला लागला, तर निकॉनच्या लेन्सला सेवा केंद्रात पाठवण्यावाचून तुमच्या हातात काही राहत नाही. सिग्माला वेगळा यूएसबी डॉक मिळतो. तो संगणकाला जोडून चार फोकल लेंग्थ आणि चार अंतरं अशा सोळा ठिकाणी लेन्समध्येच दुरुस्ती करता येते. टॅमरॉन जी२ लाही तसा कन्सोल आहे. तुमच्या बॉडीसाठी हा मुद्दा मोठा आहे.

१.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, पल्ला वाढवणारी काच) लावून ५०० चे ७०० करायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. एफ/८ होतं आणि तुमच्या बॉडीचा ऑटोफोकस तिथे भरवशाचा राहत नाही.

येऊरवाट

सगळे खाडीचंच बोलताय म्हणून जंगलाच्या बाजूने लिहितो.

मी वर्तकनगरला राहतो, महिन्यातून दोन-तीनदा येऊरला जातो. जून उजाडताना नवरंग शीळ घालायला लागतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि झाडीखाली सकाळी आठलाही अंधार असतो. एफ/६.३ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० करूनही शटर १/१२५ च्या वर जात नाही असे दिवस मी पाहिलेत. पक्षी मात्र दहा-बारा मीटरवर असतो. तिथे ६०० नको, उजेड हवा. मी वापरलेली ३०० एफ/४ पीएफ घेतली. ७५५ ग्रॅम फक्त! गळ्यात आहे हे जाणवत नाही. तिथे सव्वा स्टॉपच्या आसपास उजेड जास्त मिळतो तो सोन्यासारखा वाटतो. स्वर्गीय नर्तक सावलीत उडतानाही मिळालाय.

त्यामुळे खाडीपल्याड, लेन्स ठरवण्याआधी वर्षातले किती रविवार कुठे जाणार ते मोजा. खाडी जास्त असेल तर माझं मत बाजूला ठेवलंत तरी चालेल.

नेरूळकर

हा धागा वाचून राहवलं नाही. मी पामबीच रोडजवळ राहते, टी. एस. चाणक्यची पाणथळ, एनआरआय वसाहतीच्या मागची बाजू आणि डीपीएस तलाव हे माझं रोजचं फिरणं. गेली नऊ वर्षं. सुरुवातीला मीही ४०० की ६०० यातच अडकले होते. नंतर कळलं की खाडीवर भरती बघायला हवी, लेन्सचा प्रश्न त्याच्यानंतर येतो.

ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो अन्न शोधत पाण्याच्या कडेने दूर जातात. तिथून ते तीनशे-चारशे मीटरवर असतात. तेवढ्या अंतरावर ८०० एमएम लावलं तरी उपयोग नाही, कारण मधली हवा. साडेनवानंतर ऊन चढलं की चिखलावरून तापलेली हवा लहरत वर येते आणि त्या लहरींमधून काढलेला फोटो कुठल्याही लेन्सने मऊच येतो. लोकांना वाटतं फोकस चुकला, लेन्स खराब आहे. दुरुस्तीला देतात! हवेतलं थरथरणं काचेने जात नाही. अंतर कमी होणं हाच त्याच्यावर उपाय, आणि ते अंतर भरती कमी करून देते.

पाणी चढायला लागलं की पक्षी काठाकडे ढकलले जातात. चिखल पूर्ण झाकला गेला की थवेच्या थवे उठून आतल्या तळ्यांमध्ये विश्रांतीला येतात. त्या अर्ध्या-पाऊण तासात ते इतके जवळ असतात की ३०० नेही चोचीचा बाक स्वच्छ मिळतो.

भरतीची वेळ आमच्या सासरचे लोक पंचांगावरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरायचं. दशमीला साडेसातची भरती म्हणजे उजेडाला उत्तम वाटते, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं, जोर नसतो, चिखल पुरता बुडत नाही आणि पक्षी आत येत नाहीत. माझ्या अनुभवात द्वादशी-त्रयोदशीची सकाळ सगळ्यात चांगली. उधाणाकडे जाणारं पाणी, आणि ऊन अजून कोवळं. पौर्णिमेला पाणी भरपूर, पण भरती भर दुपारी, मग डोक्यावरचं ऊन आणि काळ्या सावल्या.

दुसरं, कुठल्या काठावर उभं राहायचं. आपल्या नवी मुंबईच्या काठावरून आपण पश्चिमेला तोंड करून असतो, म्हणून सकाळी सूर्य पाठीशी. संध्याकाळी इथून फक्त छायाकृती मिळतात. संध्याकाळीच वेळ असेल तर भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला जा, तिकडून सूर्य पाठीशी येतो.

लेन्सबद्दल माझं मत विचाराल तर या दोन्हींपैकी कुठलीही चालेल. जी तुम्ही न कंटाळता दर रविवारी उचलाल ती घ्या.

शेकाट्या

ताई, हा प्रतिसाद छापून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवतोय. तिथीचा हिशेब माहीत होता, पण भांगाचा मुद्दा कधी डोक्यात आला नव्हता. दशमीला दोनदा रिकाम्या हाताने परत आलोय, त्याचं कारण आज कळलं.

घणसोलीची_टिटवी

मला असल्या महागड्या लेन्स परवडत नाहीत म्हणून विचारते, निकॉनचा पी१००० कसा? ३००० एमएम लिहिलेलं असतं.

जुनी_काच

टिटवीताई, पी१००० चे ३००० हे फुलफ्रेमच्या तुलनेतले आहेत. सेन्सर नखाएवढा आहे. भरपूर उन्हात, बसलेल्या पक्ष्याचा, ओळख पटवण्यापुरता फोटो फार सुंदर देतो, आणि वजन दीड किलोच्या आत. पक्षीनिरीक्षण आणि नोंदी हा उद्देश असेल तर जरूर घ्या. उडते पक्षी आणि कमी उजेड यांत मात्र निराशा होईल. आणि ३००० ला ती ताईंनी सांगितलेली तापलेली हवा सगळ्यात आधी दिसते.

खाडीपल्याड

इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आभार. येऊरवाट, मोजलं. वर्षात पंचवीसेक रविवार खाडी, पाच-सहा येऊर, एकदा कर्नाळा. म्हणजे खाडीच.

मिररलेसबद्दल कुणीच बोललं नाही. आणि ट्रायपॉड?

रबाळे_लोकल

मिररलेसचं मी सांगतो, कारण गेल्या वर्षी मी तिकडे गेलो. पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवणारा फोकस ही खरीच मोठी सोय आहे. निकॉनच्या झेड५०-टू या मिररलेसमध्ये पक्ष्यांसाठी वेगळा मोड आहे. पूर्वी उडत्या सुरयांचे शंभर काढून दहा ठेवायचो, आता तीस-चाळीस ठेवतो.

पण तुमच्या बजेटमध्ये बॉडी आणि लांब लेन्स दोन्ही बसत नाहीत. झेडची १८०-६०० सुंदर आहे, झूम करताना लांबी वाढत नाही, पण किंमत तुमच्या मर्यादेच्या बरीच वर. एफ माउंटची (तुमच्या कॅमेऱ्याच्या जोडणीची) लेन्स आज घेतलीत तरी उद्या एफटीझेड अडॅप्टर लावून झेड बॉडीवर चालते. २००-५०० तर माझ्याकडे अजून तशीच चालू आहे. सिग्माही चालते, मात्र लेन्सचं फर्मवेअर अद्ययावत हवं, आणि ते त्याच डॉकने करता येतं. म्हणून आधी लेन्स, मग दोन-तीन वर्षांनी बॉडी.

ट्रायपॉड नका घेऊ. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जाल तेव्हा बोट हलते, बोटीवरच्या ट्रायपॉडने उलट इंजिनाची थरथर लेन्समध्ये येते. काठावर मोनोपॉड (एकपायी टेकू) पुरे. लोकलच्या गर्दीत तोच सोयीचा.

येऊरवाट

मोनोपॉडलाही माझा थोडा विरोध आहे. उडत्या पक्ष्याला वर धरायचं तर मोनोपॉड आडवा येतो. डावा हात लेन्सखाली पुढे, कोपर बरगडीला टेकवलेलं, तीन-चार सेकंद धरायचं, खाली घ्यायचं. महिनाभर सराव केला की दोन किलो झेपतं. पण मनगटाचं दुखणं असेल तर मोनोपॉडच घ्या, हट्ट नको.

नेरूळकर

एक विनंती. फ्लेमिंगो उडावेत म्हणून काठावरून टाळ्या वाजवणारे, दगड टाकणारे मी पाहिलेत. भरतीच्या वेळी ते पक्षी विश्रांतीला आलेले असतात. त्यांना उठवलं की पुढच्या लांबच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती त्यात जाते. ठाणे खाडीला २०१५ साली अभयारण्य केलं, २०२२ ला रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) घेतलं, पण तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाने हात आवरला तरच त्या पक्ष्याला त्याचा उपयोग. लांब लेन्सचा मला वाटणारा सगळ्यात मोठा गुण हाच की आपण लांब राहू शकतो. पावसाळ्यात कर्नाळ्याला तिबोटी खंड्याच्या घरट्यापाशी घोळके करून बसतात, तिथेही हेच सांगावंसं वाटतं.

जुनी_काच

ताईंशी शंभर टक्के सहमत.

खाडीपल्याड, वापरलेली बघायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च न्या. मागचं झाकण काढून, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून, टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे ठिपके असणारच, त्याचं काही नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या हवेत ती पसरतेच. लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत फिरायचं. झूम पुढेमागे करताना खरखर ऐका, बिलावरचा सिरीयल नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून बघा. स्वतःची बॉडी न्या, पाचशेला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर पंचवीसेक फोटो काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

खाडीपल्याड

तीन आठवड्यांनी लिहितोय. बरंच घडलं.

आधी फोर्टमधून सिग्मा १५०-६०० दोन दिवसांसाठी भाड्याने घेतली. मुद्दाम द्वादशी बघून. शनिवारी पहाटेच्या गाडीने सीवूड्सला उतरलो, सव्वासातला चाणक्यच्या काठावर. आठपर्यंत काहीच नाही, दूर गुलाबी रेघ. मन खट्टू झालं होतं. साडेआठला पहिला थवा आला आणि मग येतच राहिले. पुढचे पक्षी चाळीस मीटरच्याही आत होते. ६०० ला एक पक्षी फ्रेममध्ये उभा मावेना, मान कापली जायला लागली, तेव्हा ४०० वर आलो. लहान रोहिताची (छोट्या जातीच्या फ्लेमिंगोची) गडद लाल चोच, डोळ्याभोवतीचा रंग, पंखांखालचा काळा, सगळं. मध्येच ७०-३०० लावून पाहिली. ताई, तुम्ही म्हणालात ते खरं आहे, तीही त्या अर्ध्या तासात पुरली असती. गेली चार वर्षं मी ओहोटीला जात होतो, एवढाच त्याचा अर्थ.

साडेनवानंतर मुद्दाम थांबून लांबच्या चिखलातल्या तुतवारांचे (काठावरच्या छोट्या पक्ष्यांचे) फोटो काढले. एकही धारदार नाही. हवा थरथरताना व्ह्यूफाइंडरमध्येच दिसत होती.

रविवारी ऐरोलीची बोट. १५० पासून सुरुवात होते याचा फायदा तिथे झाला, थवा डोक्यावरून गेला तेव्हा पूर्ण मावला. दीड तासाने डावा दंड भरून आला, पण दुसऱ्या दिवशी ठीक.

मग २००-५०० बघायला गेलो. गृहस्थ सज्जन, लेन्स बाहेरून नव्यासारखी, किंमतही माझ्या बजेटच्या खूप खाली. टॉर्च मारला. मागच्या काचेच्या कडेला पांढरे धागे. त्यांनाही माहीत नव्हतं, कपाटात बॅगेतच ठेवलेली दोन पावसाळे. वाईट वाटलं. जुनी काच, तुमच्यामुळे वाचलो.

शेवटी नवी सिग्मा घेतली, बिल आणि वॉरंटी कार्डासकट. उरलेल्या पैशांत डॉक आणि लेन्स दमटपणापासून जपणारं एक लहान ड्राय कॅबिनेट. डॉकची गरज लगेच पडली, ६०० ला लांबच्या अंतरावर फोकस किंचित पुढे पडत होता. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाटीवर दोन संध्याकाळ घालवून जमवलं.

जुनी_काच

अभिनंदन! कॅबिनेट ४५ टक्के आर्द्रतेच्या आसपास ठेवा, फार कोरडंही नको. खाडीवरून आल्यावर ओलसर मऊ फडक्याने बाहेरून पुसून मगच आत ठेवा. खारी हवा झूमच्या नळीवर बसते आणि नळी आत जाताना ती आतही जाते.

येऊरवाट

सुंदर! जूनमध्ये येऊरला या, माझी ३०० तुमच्या बॉडीवर लावून बघू.

खाडीपल्याड

नक्की येतो दादा. कैकर मात्र अजून राहिलाय. नेरूळकर ताई, तो कुठल्या वेळेला आणि कुठे बसतो?

नेरूळकर

पाण्यातल्या सुक्या खुंटांवर आणि विजेच्या खांबांवर बसतो, मासा खायला तिथेच येतो. भरतीला पाणी खोल असताना कमी, पाणी उतरायला लागलं की जास्त दिसतो. पुढच्या त्रयोदशीला मी जाणारच आहे. सीवूड्स स्टेशनच्या पश्चिमेला सव्वासहाला या. पाण्याची बाटली आणि टोपी आणा, परतायला साडेअकरा होतील.